आडवा आला

माझ्या बापाला गाडीने उडवलं, ते मी मोबाइलवर पाहिलं. क्लिप काही दिवसांनी गावाच्या ग्रुपवर आली होती आणि तिचा आवाज काढून टाकलेला होता.

गाडीच्या काचेपलीकडे डोणगावचा रस्ता दिसतो. दोन्ही बाजूंना सोयाबीन काढून मोकळी झालेली रानं, पुढे फाट्यावरच्या टपऱ्या, भर दुपारचं ऊन. डाव्या कडेने एक माणूस चाललेला आहे, काखेत कागदांचा गठ्ठा आहे. तो डांबरावर एक पाय ठेवतो आणि मान वळवून गाडीकडे पाहतो. त्याला चेहरा आहे एवढंच कळतं, तोवर तो बोनेटवर असतो. त्याचा खांदा काचेवर आदळतो, काच तडकते. गाडी करकचून थांबते आणि तो पुढे फेकला जातो. कागद हवेत उडतात. तिथेच क्लिप संपते.

खाली लिहिलं होतं, ‘बघा. कॅमेरा खोटं बोलत नाही. माणूस आडवा आला. गाडीवाल्याची काय चूक?’ आणि पुढे जोडलेले दोन हात.

ज्या हाताने ते जोडलेले हात चिकटवले, तो हात मनगटातून पिरगाळून मोडावा असं मला वाटलं. ते मी आजही नाकारत नाही. क्लिप मी पुन्हा लावली, पुन्हा लावली. प्रत्येक वेळी वाटायचं, या खेपेला बाबा पाय मागे घेतील. प्रत्येक वेळी त्यांचा खांदा त्याच जागी काच फोडायचा.

आडवा आला. आमच्या भागात रस्त्यावर मेलेल्या प्रत्येक माणसाच्या छातीवर हे दोन शब्द ठेवलेले असतात. मांजर आडवं येतं, कुत्रं आडवं येतं, डुक्कर आडवं येतं आणि पायी चालणारा माणूस आडवा येतो. गाडी कधीच कुणाच्या आडवी जात नाही. ती सरळच असते.

बाबांनी हे वाक्य एका मिनिटात उसवलं असतं. त्यांचं डोणगावात मोटार बांधायचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी लोक आणून टाकायचे आणि बाबा जुनी तार उपसून नवी तांब्याची तार भरायचे. दुकानाच्या अर्ध्या भागात मोटारी आणि अर्ध्या भागात पत्रकं. रेशनवर, अंगारे-धुपाऱ्यांवर, बंद पडलेल्या वसतिगृहावर. लिहिणारे तेच, छापून आणणारे तेच, एसटी स्टँडवर वाटणारेही तेच. मी अक्षरं शाळेत गिरवली, पण वाचायला शिकले ते ‘जाहीर आवाहन’ आणि ‘बंधू-भगिनींनो’वर. आमच्या बौद्धवाड्यातली पोरं पतंगाला शेपूट लावायला आमच्या घरचे कागद न्यायची.

पत्रकाचे बाबांचे दोन नियम होते. शेवटच्या ओळीत स्वतःचं पूर्ण नाव आणि गाव. बिननावाचं पत्रक म्हणजे अंधारातून मारलेला दगड, असं ते म्हणायचे. दुसरा नियम म्हणजे प्रत्येक वाक्याला कर्ता पाहिजे. पेपरात ‘तरुणाचा मृत्यू झाला’ असं आलं की ते चष्मा कपाळावर चढवून मला विचारायचे, “झाला? आपोआप झाला? कर्ता कोन हाय याचा?” मी लहानपणी उत्तर द्यायचे, “मृत्यू.” त्यावर ते हसायचे. “मंग मृत्यूले अटक करा म्हना.”

त्या दिवशी त्यांच्या काखेत होतं ते पत्रक गावच्या वाचनालयाला कुलूप का, या विषयावर होतं. फाट्यावर काळीपिवळी जीपमधून ते उतरले आणि दुकानाकडे निघाले.

मी पोचले तेव्हा बाबांना भाजीच्या टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं होतं. रस्त्यावर त्यांची एक चप्पल होती, फुटलेला चष्मा होता, आणि रक्तात चिकटलेली पत्रकं. लोक त्यांवरून पाय चुकवून चालत होते. मी एक उचललं. ‘कुलूप’ हा शब्द वाचता येत होता, बाकी लाल होतं. दवाखान्यात गेले तर डॉक्टरांनी मान हलवली. टेम्पोवाला म्हणाला, उचलताना श्वास होता की नव्हता ते त्याला सांगता येणार नाही. त्याचे हात कोपरापर्यंत भरलेले होते आणि ते तो पँटला पुसत राहिला.

गाडी शेजारच्या गावातल्या मोठ्या शेतकरी घराण्याची होती. पांढरी, उंच. पुतण्या चालवत होता, शेजारी त्याचा चुलता बसलेला. बाबांना रस्त्यावर टाकून ते निघाले, पण पुढच्या वस्तीपाशी आमच्या वाड्यातल्या पोरांनी मोटरसायकली आडव्या लावून गाडी अडवली. दगड पडले. मागची काच गेली. पुतण्याला शर्टाला धरून खेचलं आणि पट्ट्याने मारलं. मी दवाखान्याकडे जाताना ते ओझरतं पाहिलं. त्याचं नाक फुटलं होतं, तो “काका, काका” ओरडत होता. मला बरं वाटलं. पोलीस आले, त्यांनी गाडी ताब्यात घेतली आणि तिच्यासोबत काचेला चिकटवलेला कॅमेराही. चुलत्याने तेव्हाच सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं होतं, “घ्या ना, घ्या. त्याच्यात सगळं हाय. तो आडवा आला ते बी हाय, अन् तुम्ही लोकायनं काय केलं ते बी हाय.”

तो खरं बोलत होता. त्या कॅमेऱ्यात दगड मारणारे चेहरे स्वच्छ आले होते. आठवड्याच्या आत आमच्या वाड्यातली पोरं उचलली गेली. त्यांच्यात माझा मावसभाऊ होता. ठाण्यात त्याच्या तळपायावर मारलं, तो कितीतरी दिवस टाचेवर चालत होता. पुतण्याला तोवर जामीन मिळाला होता. कॅमेरा एकच, त्यानेच दोन्ही पाहिलं. पण तो लावलेला असतो काचेच्या आत बसणाऱ्यांच्या बाजूने. पायी चालणाऱ्याच्या कपाळावर कॅमेरा नसतो. आमच्याकडून पाहिलं तर ती गाडी कशी दिसली असती, याचं चित्रण जगात कुठेही नाही.

त्या दिवसांत घर माणसांनी भरलेलं असायचं आणि येणारी प्रत्येक बाई माझ्या मायला एकच वाक्य सांगायची. “जागेवरच गेले माय. काहीच तरास नाई झाला.” माय त्या वाक्याला धरून बसली होती. रडताना मध्येच थांबायची आणि स्वतःशी म्हणायची, “जागेवरच गेले. कळलं बी नसन त्यायले.” मग पदराने तोंड पुसायची आणि उठून चूल पेटवायची. त्या वाक्यावर ती जेवत होती, झोपत होती.

खटला तालुक्याच्या कोर्टात उभा राहिला. मला साक्षीसाठी बोलावणं होतं म्हणून सरकारी वकिलांनी एकदा कागद वाचायला बोलावलं. वकील चिखलीकडचे, थकलेला पण सरळ माणूस. कॅमेऱ्यातलं चित्रण आता पूर्ण आलं होतं, आवाजासकट. त्यातलं बोलणं कुणीतरी टाइप करून जोडलं होतं. ज्याने टाइप केलं त्याने ते शुद्ध मराठीत केलं होतं.

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. धडक झाल्यानंतरची पहिली ओळ होती:

‘मरून राहिला. चल.’

“बचाव याच्यावरच उभा आहे,” वकील म्हणाले. “चुलता म्हणतो, मी काचेतून पाहिलं, माणूस मेलेला पडला होता. मेलेल्याला दवाखान्यात नेऊन काय उपयोग? जमाव मारेल म्हणून निघालो. जिवंत माणसाला टाकून गेले हा आरोप या वाक्यावर पडतो.”

“मले आवाज ऐकाचा आहे,” मी म्हणाले. राग आला की माझी भाषा घरी जाते.

त्यांनी लॅपटॉप फिरवला. पाहण्याआधी पाणी पिऊन घे म्हणाले. मी प्यायले नाही.

आवाज आल्यावर ती क्लिप वेगळी झाली. आत गाणं लागलेलं होतं. पुतण्या लग्नातल्या कुठल्याशा फजितीबद्दल सांगून हसत होता. बाबा डाव्या कोपऱ्यात दिसायला लागले तेव्हा तो अजून हसतच होता. बाबांनी पाय टाकला, मान वळवली. भोंगा वाजला नाही. मग तो आवाज. तो कसा होता हे लिहायचा मी पुष्कळदा प्रयत्न केला आहे. ओल्या पोत्याच्या जवळ काहीतरी, पण त्यात काच आहे. गाडी थांबली. गाणं चालूच राहिलं. तडकलेल्या काचेतून बाबांचा अर्धा देह दिसत होता, कमरेपासून खाली. वरचा भाग बोनेटच्या आड. पाय हलत होते की वाऱ्याने धोतराचं टोक हलत होतं, ते कुणीही शपथेवर सांगू शकणार नाही. कुणीतरी गाणं बंद केलं. पुतण्याचा श्वास ऐकू येत होता. मग चुलत्याचा आवाज. शांत. शेतात सालदार गड्याशी बोलावं तसा.

“मरून राह्यला बे. चाल.”

गाडी मागे गेली, उजवीकडून वळसा घेऊन पुढे निघाली.

मी वकिलांकडे पाहिलं. ते कागदाकडे पाहत होते.

“साहेब, तुम्ही घरी काय बोलता?” मी विचारलं. “पोरगं जेवून राह्यलं म्हणजे जेवून झालं का?”

ते वाक्य ते ओठांतल्या ओठांत पुटपुटले. मग त्यांनी कपाळावर हात मारला. “अरे देवा. जेवून राह्यलं.” त्यांनी तोच तुकडा पुन्हा लावला, डोळे मिटून ऐकला. “मी कागदच वाचत होतो गं.”

इकडचा नसलेल्या वाचकासाठी सांगायला हवं. आमच्या वऱ्हाडीत ‘जाऊन राह्यला’ म्हणजे जातो आहे. ‘करून राह्यला’ म्हणजे करतो आहे. काम संपलेलं नाही, आत्ता, या घडीला चालू आहे. ‘मरून राह्यला’ म्हणजे मरून पडला आहे असं नाही. मरतो आहे. अजून मेलेला नाही. चुलत्याने बाबांना मरताना पाहिलं, ओळखलं, तोंडाने म्हटलं आणि मग ‘चाल’ म्हटलं. टाइप करणाऱ्याने एका अक्षराची गावंढळ चूक सुधारली आणि माझ्या बापाला जागेवर मारून टाकलं.

“हे तुला साक्षीत सांगावं लागेल,” वकील म्हणाले. “आई येते ना कोर्टात?”

येत होती. प्रत्येक तारखेला, पांढरं लुगडं नेसून, पहिल्या बाकावर.

घरी मी आधी माझ्या काकाला सांगितलं. बाबांचा धाकटा भाऊ, आता दुकान तोच सांभाळतो. तो तार गुंडाळत होता. ऐकताना त्याचे हात थांबले.

“नोको सांगू,” तो म्हणाला. “वहिनीपाशी तेवढंच हाय. जागेवर गेले म्हनून ते उभी हाय. ते काढून घेतलं त काय उरनार हाय तिच्याजवय?”

“खरं उरन.”

“खऱ्याची भाकर करतं का तू?” तो ओरडला. “बापासारखीच हायेस. त्याचं बी तेच. खरं, खरं! खरं घेऊनच गेला ना रस्त्यावर?”

“ते घेऊन गेले नाहीत, त्यायले नेलं. कर्ता—”

“तुयी व्याकरणाची भानगड मले नोको सांगू बे!” त्याने हातातला तारेचा गुंडा भिंतीवर फेकून मारला. तो आपटला, सुटला आणि सगळ्या दुकानात वेटोळी झाली.

ती आम्ही दोघं उचलत होतो तेव्हाच बाहेर दोन मोटरसायकली येऊन थांबल्या. पोरं ओळखीची नव्हती. एकाच्या हातात लोखंडी पाना होता. त्याने तो दुकानाच्या काचेच्या कपाटावर मारला, मग काउंटरवर, मग दुरुस्तीला आलेल्या एका मोटारीवर. काका पुढे झाला तेव्हा त्याच्या दंडावर. हाडाचा आवाज मला ऐकू आला. मी तांब्याच्या तारेचा गुंडा त्या पोराच्या तोंडावर मारला. त्याच्या भुवईतून रक्त आलं. त्याने माझे केस धरून माझं डोकं काउंटरवर दाबलं, आणि कानाशी येऊन म्हणाला, “साक्षीले जाऊन राह्यली म्हने. बापासारखी आडवी येऊ नोको, पोरी.”

जाऊन राह्यली. काचांच्या तुकड्यांवर गाल टेकलेला असताना मला ते ऐकू आलं. यांच्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, ‘राह्यला’ म्हणजे काय. फक्त कोर्टाला ठाऊक नव्हतं.

काकाचा हात प्लास्टरमध्ये गेला. त्यानंतर तो मला एवढंच म्हणाला, “सांगाचंच असन त आधी तिले सांग. कोर्टात लोकाइच्या समोर आयकू देऊ नोको.”

माय अंगणात तूर बडवत होती. वाळलेल्या तुरीचा ढीग, तिच्या हातात बोरीचं दांडकं. मीही एक घेतलं. ती एका लयीत मारत होती, मी चुकत होते.

“काय व, हात चालून नाई राह्यले तुये आज?”

“माय, एक सांगाचं हाय. बाबाचं.”

तिचं दांडकं चालूच होतं.

“बाबा जागेवर गेले नाहीत.”

पुढचा फटका माझ्या पायाशेजारी जमिनीवर पडला. त्याच्या पुढचा माझ्या पाठीवर. मी वाकले, तरी तिसरा बसला. “कोनं सांगतलं तुले? कोनं? त्या वकिलानं? काऊन सांगतं तू मले? काय पाह्यजे तुले मायापासून?” ती मारत होती आणि विचारत होती, आणि माझ्या तोंडात तुरीची धूळ गेली होती. मी दांडकं धरलं नाही. ती दमली तेव्हा थांबली.

“गाडीतल्या कॅमेऱ्यात आवाज आहे,” मी म्हणाले. “तो चुलता बोलला.”

“काय बोलला?”

“म्हणाला की—”

“तसं नोको. तो जसा बोलला तसं सांग.”

मी सांगितलं. “मरून राह्यला बे. चाल.”

वकिलांना मला उदाहरण द्यावं लागलं होतं. मायला काहीच द्यावं लागलं नाही. तिचा चेहरा कुणी आतून ओढावा तसा झाला.

“मरून राह्यला म्हनला,” ती हळूच म्हणाली. “मेला नाई म्हनला.”

“नाही.”

“म्हंजे पाह्यत होता तो. मरतानी पाह्यत होता.” ती खाली बसली, तुरीच्या ढिगातच. “पानी बी नसन मांगतलं त्यायनं. कोनाले मांगतीन? गाडी त चालली गेली.”

मी तिच्याजवळ बसले. तिने मला लोटून दिलं. मग तिने विचारलं, “भोंगा?”

“काय?”

“भोंगा वाजवला का त्यानं? हे त रस्त्यानं चालतानी भोंगा आयकला की बाजूले होत. नेहमी होत.”

“नाही वाजवला. सगळं ऐकू येतं, गाणंही येतं. भोंगा नाही.”

ती उठली. दांडकं घेतलं आणि तूर बडवायला लागली. शेंगा फुटून दाणे उडाले, मग शेंगांचा भुगा झाला, मग नुसती माती उडत होती, तरी ती मारत होती. दांडक्यावर तिच्या तळव्यांचं रक्त लागलं होतं. मी थांबवलं नाही. थांबल्यावर ती म्हणाली, “त्या दिशी बी मी येतो. पयल्या बाकावरच बसतो. मायाकडे पाहून बोल.”

माझी साक्ष वाईट झाली, हे कबूल केलं पाहिजे. मी तयारी पत्रकाची केली होती आणि कोर्टाला पत्रक चालत नाही. न्यायाधीश बाई पश्चिमेकडून बदलून आलेल्या होत्या, बचावाचे वकील पुण्याहून आणलेले. त्यांनी मला फार सभ्यपणे सोललं.

“आपण भाषातज्ज्ञ आहात?”

“नाही. मी भाषा बोलते.”

“आपण मयताची मुलगी. आपण लेखही लिहिता, मोर्चात घोषणाही देता. बरोबर?”

“हो.”

“मराठीत ‘राहिला’ हे भूतकाळी क्रियापद आहे. ‘बसून राहिला’, ‘पडून राहिला’. म्हणजे त्या अवस्थेत राहिला. ‘मरून राहिला’ याचा अर्थ आपल्याला सोयीचा असा आपण लावता आहात.”

“सोयीचा?” मी म्हणाले. माझा आवाज चढला. “माझी आई तिथे बसलीय. तिला विचारा हा अर्थ किती सोयीचा आहे.”

न्यायाधीश बाईंनी मला शांत राहायला सांगितलं. माझ्या बोलण्यातलं लेखी काय नोंदलं गेलं ते मला माहीत नाही. मी पिंजऱ्यातून उतरत होते तेव्हा मागच्या बाकावर पुतण्याच्या मित्रांपैकी कुणीतरी हसलं.

चुलत्याची साक्ष पुढच्याच आठवड्यातल्या तारखेला होती. त्याला बचावानेच उभं केलं होतं. स्वच्छ धोतर, टोपी, हात जोडलेले. घरी त्याला पढवलं असणार, कारण सुरुवातीला तो पुस्तकासारखा बोलत होता. ‘सदर इसम अचानक समोर आला.’ पण माणूस आपल्या खऱ्या गोष्टीजवळ आला की आपल्या खऱ्या बोलीत येतो.

“गाडीचा वेग किती होता?” त्यांच्याच वकिलांनी विचारलं.

“हळू होती जी. आमी त हळूच जाऊन राह्यलो होतो.”

मायने माझा हात धरला. सरकारी वकिलांनी मान वर केली. त्यांनी काहीच लिहून घेतलं नाही, नुसते वाट पाहत बसले. उलटतपासाला उठले तेव्हा ते तालुक्याच्या बाजारात भेटल्यासारखे बोलायला लागले.

“काय म्हनता पाव्हणे, जाऊन राह्यलो होतो?”

“हाव जी.”

“म्हणजे जाऊन थांबले होते? पोचले होते?”

“नाई जी!” चुलता चिडला. असा कसा हा माणूस वकील झाला, अशा नजरेने त्याने पाहिलं. “थांबलो कुठं? जाऊन राह्यलो होतो म्हनतो ना. गाडी चालू होती.”

“अन् पुतण्या काय करत होता?”

“तो गाडी चालवून राह्यला होता. दुसरं काय करन?”

“चालवून झाली होती त्याची?”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. चुलता आता पूर्ण वैतागला होता. “चालवून राह्यला म्हंजे चालवत होता जी! तुमी इकडचेच ना? तुमाले समजून नाई राह्यलं का?”

“मले समजून राह्यलं,” वकील म्हणाले. “आता समजलं. बरं, मग मरून राह्यला म्हणजे?”

पुण्याचे वकील उठले. हरकत घेत होते, काय बोलत होते ते कुणी ऐकलं नाही. चुलत्याचं तोंड उघडं होतं. त्याच्या चेहऱ्यावर मी प्रथमच काहीतरी पाहिलं, आणि ते पाहायला मी इतके दिवस जगत होते. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. पुतण्या मान खाली घालून बसला होता.

“उत्तर द्या,” न्यायाधीश बाई म्हणाल्या.

“मले नाई आठवत,” चुलता म्हणाला.

बाईंनी चित्रण पुन्हा लावायला सांगितलं. या वेळी कागद बाजूला ठेवून. कोर्टात ते गाणं वाजलं, ते हसणं, तो आवाज. माय डोळे उघडे ठेवून ऐकत होती. “मरून राह्यला बे. चाल.” तिचा हात माझ्या हातात होता आणि तिच्या तळव्याच्या खपल्या मला टोचत होत्या.

निकाल अजून लागलेला नाही. लागेल तसा लागो. त्या दिवशी कामकाज संपल्यावर आम्ही बाहेर आलो तेव्हा आवारात तीच पांढरी गाडी उभी होती, बाँडवर सोडवून आणलेली. नवी काच, आणि काचेला नवा कॅमेरा. लाल ठिपका लुकलुकत होता. चुलता शेजारी बसला, पुतण्या चालवायला. गाडी फाटकाकडे निघाली.

माझा हात सोडून माय चालायला लागली. मला वाटलं ती एसटी स्टँडकडे निघाली. ती जाऊन गाडीच्या बरोबर पुढे उभी राहिली. हातात कापडी पिशवी, पायात झिजलेली चप्पल. गाडी वीतभर अंतरावर थांबली.

पुतण्याने भोंगा दाबला. लांब, कर्कश. आवारातल्या सगळ्यांनी मान वळवली.

“वाजला!” माय ओरडली. “पाह्य व पोरी, वाजते याचा भोंगा! मले वाटलं बिघडला असन!”

त्याने पुन्हा दाबला. माय कॅमेऱ्याकडे बोट दाखवत होती, ठिपक्याच्या अगदी समोर. “घे! घे त्याच्यात! ही आडवी आली. आता खरंच आडवी आली. चालव ना. चालव बे!” तिने पिशवी बोनेटवर आपटली, मग हात आपटला. खपल्या निघून पांढऱ्या पत्र्यावर लाल ठसा उठला. ती आपटत राहिली. आत चुलता समोर पाहत होता, पण या खेपेला बोनेटच्या आड काही नव्हतं. सगळं दिसत होतं.

हवालदार पळत आला. “बाई, बाजूले व्हा, गाडी जाऊन राह्यली.”

“कुठं जाऊन राह्यली?” माय म्हणाली. “मी त उभी हाय.”

कुणी हसलं नाही. आमच्या वाड्यातली माणसं एकेक करून तिच्यामागे येऊन उभी राहिली. माझा काका प्लास्टरचा हात गळ्यात घेऊन उभा होता. मावसभाऊ होता. शेवटी पुतण्याने गाडी मागे घेतली. मागे भिंत होती, त्याला तिथेच थांबावं लागलं.

माय वळली. लुगड्याला हात पुसले, पिशवी काखेत मारली आणि मला म्हणाली, “चाल. एसटी लागून राह्यली असन.”